मावशी, सगळे जेवून गेले

मावशी,

परवा अंगणात तुझी तिरडी बांधायला घेतली आणि मी दारातूनच ओरडले, "जरा सैल बांधा हो." सगळ्यांनी वळून पाहिलं. मयताच्या घरी सुतळी किती ओढायची हे एका बाईने सांगायचं, आणि तीही हलिमा नावाच्या, हे कुणाला रुचणार? पण चऱ्होलीहून आलेले तुझे चुलतदीर, पांढऱ्या मिशांचे, त्यांना राग नाही आला. हातातली सुतळी तशीच धरून ते म्हणाले, "सैल बांधली तर वाटंत घसरंल की बाई. घाटावर समद्या गाठी सोडत्यात. बांधलेलं माणूस न्हाई देत आमी अग्नीला." मला एवढंच ऐकायचं होतं. आमच्यातही कफनाच्या गाठी कबरीत उतरवल्यावर सोडतात. म्हणजे शेवटी दोन्हीकडे तेच, असं म्हणत मी आत आले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

खरं सांगते, तू गेलीस आणि मला हायसं वाटलं. हे चारचौघांत बोलायची सोय नाही. बायका गळ्यात पडून रडत होत्या, मीही रडले, खोटं नाही रडले. पण रडता रडता मनात एकच चाललं होतं, सुटलो बाई. तू सुटलीस, सुशीलाताई सुटल्या, मी सुटले. तू आपल्या घरात गेलीस, आपल्या खाटेवर, दुपारचं जेवून. नाकात नळी नव्हती आणि दोन्ही हात मोकळे होते. अडीच वर्षं मी या एकाच गोष्टीच्या मागे लागले होते आणि ती झाली.

शेवटची आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा सुशीलाताईंनी मला हाक मारली. सून असून तुझ्यासाठी लेकीसारखी राबली ती बाई. म्हणाल्या, "हलिमाबाई, तुम्हीच घाला. त्यांना तुमच्या हाताची सवय आहे." भावकीतल्या एकीने नाक मुरडलं. सुशीलाताई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "अडीच वर्षं घातली तेव्हा कुणी विचारायला आलं नाही, आता कशाला?" मी पाणी कोमट करून घेतलं. आता तुला गार काय आणि गरम काय, पण गार पाणी माझ्याच्याने ओतवेना. तुला कुशीवर वळवलं तेव्हा त्या नाक मुरडणारीनेच तुझ्या पाठीवरून हात फिरवला. "आगं, सा म्हैनं पडून व्हती म्हणता, आन् पाठीला एक फोड न्हाई!" मी आतून फुलून गेले. मयताच्या घरी फुलायचं नसतं, कळतं मला.

आता जे सांगायचं राहिलंय ते. तुझ्या मुलाला, दिनकरभाऊंना, हे ठाऊक नाही. सुशीलाताईंनाही नाही. त्यांना वाटतं मी तुला पहिला हात लावला तो तुझे केस विंचरायला. तसं नव्हतं.

मी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होते, रोजंदारीवर. तू तिथे आलीस तेव्हा पार वाळून गेली होतीस. घरी खातच नाही, म्हणून मुलाने उचलून आणलेलं. नाकातून नळी घालून दूध आणि मुगाचं पाणी सोडायचं ठरलं. तू ती नळी दोनदा ओढून काढलीस, दुसऱ्यांदा रक्त आलं. सिस्टर मला म्हणाल्या, "हलिमा, हात बांध." मी बांधले. मनगटाखाली कापूस ठेवला, वरून पट्टी, पट्टीचं टोक खाटेच्या कठड्याला. माझी गाठ सुटत नाही अशी वॉर्डात ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता. तू भांडली नाहीस. शहाण्या बाईसारखी समजावून सांगत होतीस, "बाई, माझं हात सोड. पोरं कामावरनं येत्याल. पीठ मळायचंय." मी म्हणाले, "हो हो, सोडते," आणि चहा प्यायला गेले.

नऊ दिवस हे चाललं. रोज तू विनवायचीस, रोज मी सोडते म्हणायची. भेटीची वेळ झाली की मात्र आम्ही सगळ्यांचे हात सोडायचो, नातेवाइकांना बरं दिसत नाही म्हणून. त्या तासाभरात मी तुझे केस विंचरून वेणी घालायची. दिनकरभाऊंनी मला पाहिलं ते असं. तुझ्या मनगटावरचे वळ त्यांना सलाईनचे वाटले. नळी काढून तुला घरी न्यायच्या दिवशी ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं मायेनं करणारं कुणी भेटणार न्हाई. दिवसभर आमच्याकडं याल का?" मी मान खाली घालून हो म्हणाले. त्यांना वाटलं, बाई लाजाळू आहे.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, की हा म्हातारचळ नाही, आजार आहे. मेंदू हळूहळू वाळत जातो. नावही सांगितलं, अल्झायमर. ते सुशीलाताईंच्या तोंडात बसेना आणि माझ्याही नाही, त्यामुळे आपण घरात शेवटपर्यंत 'विसर' एवढंच म्हणत राहिलो. दुसरी गोष्ट, आठ दिवसांत ही आपणहून जेवायला लागली नाही तर परत आणा, पुन्हा नळी घालू. दिनकरभाऊंनी नळी ऐकली. मला त्यामागची पट्टी दिसत होती. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की काय वाटेल ते होवो, हे हात पुन्हा बांधायचे नाहीत.

तुझी खानावळ मी पाहिली नव्हती, सुशीलाताईंकडून ऐकली. पिंपरी-चिंचवडला कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हा तू चऱ्होलीहून निघालीस, नवरा वारलेला, कडेवर दिनकर. रेल्वे लाइनीजवळ दोन खोल्या घेतल्यास आणि चूल पेटवलीस. बीडची, लातूरची, चिपळूणची पोरं एकेका खोलीत सहा-सहा राहायची आणि तुझ्याकडे जेवायची. चाळीस मेंबर. खानावळीत जेवणाऱ्याला मेंबर म्हणतात, हेही मला तुझ्याच घरी कळलं. भोंगा झाला की पंगत, पुढचा भोंगा झाला की पुढची. गुडघे गेले तेव्हा खानावळ बंद केलीस, पण भोंगा काही बंद झाला नाही. घरात तो रोज ऐकू यायचा, आणि विसर लागल्यावर तू त्याला उठायला लागलीस. एकदा स्टोव्ह पेटवून पदर जाळून घेतलास. तेव्हापासून सुशीलाताई स्वयंपाकघराला कुलूप लावायच्या.

आपले ते आठ दिवस सुरू झाले. पावसाळा होता आणि आमचा रमजान चालू होता. पहिल्याच दिवशी मी सुशीलाताईंना सांगून टाकलं, माझ्यासाठी काही ठेवू नका, मी दिवसभर पाणीही घेत नाही. त्या बरं म्हणाल्या. दुपारी तुझं ताट वाढलं. मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी, पिठलं. तू ताटाकडे बघेनास. दाराकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "आजून यायचेत." सुशीलाताई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मामंजींची वाट बघतायत हो, त्यांना बोलवणं आलंय." दिनकरभाऊ कंपनीतून आले की म्हणायचे, "हट्ट हाय तिचा. ल्हानपणापासनं बघतोय मी." मी वॉर्डातल्या सगळ्या युक्त्या केल्या. गोड दिलं, गाणं म्हटलं, चिमणीचा घास केला. तिसऱ्या दिवशी तुझं नाकही दाबलं, म्हणजे तोंड उघडतं आणि चमचा घालता येतो. तू तो घास माझ्या अंगावर थुंकलीस. बरोबरच होतं तुझं.

साखरपाण्याच्या घोटांवर सहा दिवस निघाले. तुझ्या गालाची हाडं वर आली. सातव्या दिवशी सुशीलाताई रॉकेलच्या रांगेला गेल्या आणि घरात आपण दोघीच. मी ताट तुझ्यापुढे ठेवलं, पिठल्याचं पातेलं आणि भाकरीची टोपली शेजारी ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. दुपारचा भोंगा झाला. तू सावरून बसलीस, पदर खोचलास, ताट उचललंस आणि माझ्यापुढे सरकवलंस.

"खा."

"मला नको, मावशी. तू खा."

"आगं खा की. मेंबर उपाशी बसलाय म्होरं, आन् मी कुठनं गिळू?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. सात दिवस आम्ही तुझ्यापुढे ताट ठेवत होतो, सगळ्यात आधी. आणि तू सगळं आयुष्य सगळ्यांच्या शेवटी जेवलेली बाई. पंगती उठायच्या, शेवटचा मेंबर हात धुऊन जायचा, मग तू पातेलं पुसून खायचीस. तुला भूक नव्हती असं नाही, तुझी वेळच झाली नव्हती. आणि मी शहाणी रोज तुझ्या डोळ्यांसमोर रोजा धरून बसत होते.

माझ्या हातात ताट होतं आणि बाहेर लख्ख दिवस होता. आयुष्यात मी तब्येतीपायी सोडला तर रोजा मोडला नव्हता. एकदा वाटलं, नुसतं खाल्ल्यासारखं करावं. पण तू खानावळवाली. चाळीस जणांचं कुणी किती खाल्लं हे तुला बघून कळायचं, तुला फसवणं माझ्या बापाला जमलं नसतं. मनात म्हटलं, अल्लाला काय सांगायचं ते संध्याकाळी सांगते, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तू माझ्यावरची नजर काढली नाहीस.

"कंच्या कंपनीत?"

"दवाखान्यात."

"शिफ्ट कंची?"

"पहिली."

"मंग पोटभर खा. उभ्याचं काम तुमचं." आणि टोपलीतून आणखी अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकलीस.

मी ताट चाटूनपुसून संपवत होते नेमक्या तेव्हा सुशीलाताई रॉकेलचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांना काय दिसलं असेल ते आता आठवलं की हसू येतं. सासू हाडाची काडी होऊन बसलीय आणि रोजा धरलेली आया तिच्या ताटातलं पिठलं ओरपतेय. डबा दाणकन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "वा गं बाई! रोजा ना तुझा? आजारी माणसाच्या तोंडचं काढून खाताना काही वाटलं नाही? मी मेली सकाळपासून चहावर आहे, सासू उपाशी म्हणून मला घास जात नाही, आणि तू... येऊ देत यांना घरी. उद्यापासून येऊ नकोस."

मी उठले, हात धुतले. तेवढंच सुचलं. आणि तुझ्याजवळ वाकून म्हणाले, "मावशी, सगळे जेवून गेले."

"समदी?"

"सगळे."

तू पातेलं ओढून घेतलंस. ताट नाही, पातेलं. टोपलीतली भाकरी घेतलीस आणि पातेल्याच्या कडेचं पिठलं निपटून खायला लागलीस. पहिला घास, दुसरा, तिसरा. सुशीलाताईंचं बोलणं मध्येच थांबलं. त्या तशाच उंबऱ्यावर खाली बसल्या. तुझ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे मी यांच्यासाठी थांबले होते आणि या माझ्यासाठी?"

तसंच होतं ते. त्यांच्या आईने सासरी पाठवताना सांगितलेलं, सासूच्या आधी जेवू नकोस. चौदा वर्षं त्या थांबल्या. तुझी खानावळ चालू होती तेव्हा तू शेवटी जेवायचीस आणि त्या तुझ्या नंतर. पण विसर लागल्यावर तुझ्या लेखी त्याही मेंबर झाल्या. दोघी एकमेकींची वाट बघत उपाशी, आणि डॉक्टर म्हणतात मेंदू वाळलाय. मी त्या दिवशी पोटात दुखेपर्यंत हसले. सुशीलाताई हसता हसता रडायला लागल्या. तू दोघींकडे बघून म्हणालीस, "खिदळू नगा. भांडी घासा."

दुसऱ्या दिवशी सुशीलाताई मला म्हणाल्या, "तुमचा रोजा राहू द्या. आजपासून मी मेंबर." पाट मांडून तुझ्यासमोर बसल्या. सासूच्या आधी घास उचलायचा म्हणून त्यांनी भाकरी दोनदा मोडली आणि दोनदा परत ताटात ठेवली.

तू विचारलंस, "कंच्या कंपनीत?"

"ह्याच," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षं झाली."

"परमनंट हाय का?"

"हो, परमनंट."

"मंग बरं," तू म्हणालीस आणि त्यांना तूप वाढायला लावलंस. आठव्या दिवशी दिनकरभाऊ एकटेच दवाखान्यात गेले आणि सांगून आले की आई जेवते. ते परत येईपर्यंत मी दारात उभी होते. त्यांच्या हातात भरतीचा कागद नाही हे पाहिलं आणि मगच आत आले.

तो एक रोजा मी थंडीत भरून काढला. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो नुसता हं म्हणाला. त्याचं पिंपरीत ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि बोलणं त्याला जड जातं. पण भरून काढायच्या रोज्याला संध्याकाळी त्याने आठवणीने माझ्यापुढे खजूर आणून ठेवले.

त्यानंतर तुझं करणं सोपं झालं असं नाही, पण काय करायचं हे कळायला लागलं. दवाखान्यात मी काम करायची ते माणूस धरून. तुझ्याकडे शिकले ते माणसाच्या मागून जाणं. आंघोळीला तू लुगडं सोडू द्यायची नाहीस, बोचकारायचीस. मी तांब्या तुझ्या हातात दिला आणि म्हणाले, माझ्या पायावर पाणी घाल. तू घातलंस, पाणी ऊन आहे याची खात्री झाली, मग स्वतःवर घेतलंस. परातीत पीठ मळून दिलं की भाकरी थापायचीस, दहा-बारा, सगळ्या सारख्या. सुशीलाताई त्या गुपचूप आत नेऊन भाजायच्या आणि घर त्याच खायचं. माझ्या भाकरी जाड होतात म्हणून रोज माझा उद्धार करायचीस. चाकणला माझ्या माहेरी भाकरी जाडच करतात, तशीच गोड लागते, हे मी तुला शंभरदा सांगितलं आणि तू शंभरदा नव्याने नाक मुरडलंस. तो वाद तसाच राहिला. माझंच बरोबर आहे.

भेटायला येणाऱ्यांचा मात्र मला राग यायचा. आल्या आल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, "ओळखलं का? सांग बघू मी कोण?" जसा काही तुझा पेपर घ्यायला आलेत. तू बावरायचीस, तोंड लपवायचीस, आणि ते माझ्याकडे बघून मान हलवायचे. शेवटी मी दारातच सांगायला लागले, आपलं नाव आपण सांगा आणि खाली बसा, तिच्यापेक्षा उंच उभं राहू नका. एकदा तुझा एक जुना मेंबर आला, लातूरचा, आता पोट सुटलेला फोरमन. त्यालाही मी तंबी दिली. बिचारा मुकाट्याने नाव सांगून पाटावर बसला. तुला नाव लागलं नाही. पण मी ठेचा वाढायला गेले तशी तू माझा हात धरलास, "त्याला मिरची नगं. पोट धरून बसतोय त्यो." फोरमन मान खाली घालून जेवला आणि जाताना अंगणात नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिला.

दिनकरभाऊंशीही माझा वाद होता, तोही मिटलेला नाही. त्यांना आपल्या आईशी खोटं बोललेलं आवडत नसे. "सगळे जेवून गेले, सगळे जेवून गेले... कुठं हायत सगळे? तिला येडं बनवताय तुमी दोघी." मी म्हणायची, "भाऊ, त्यांची लग्नं झाली, त्यांना त्यांच्या बायका घालतात जेवायला. गेलेच ना जेवून? खोटं कुठे आहे?" ते हसायचे नाहीत. उपकार फेडावे तसे दोन घास तुझ्यासमोर खायचे आणि उठायचे. मला त्यांचा राग येत नसे. कारण खोटं काय असतं ते मला ठाऊक होतं. खोटं म्हणजे 'हो हो, सोडते.'

ते मला तुला सांगायचं होतं. आधी वाटलं, कधीतरी तुझं डोकं घटकाभर स्वच्छ होईल तेव्हा सांगेन. मग वाटलं, उलट तू लगेच विसरणार आहेस तर घाबरायचं कशाला, आजच सांगून टाकावं. तरी धीर होत नव्हता. विसरणाऱ्या माणसापुढेही लाज वाटते, हे मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षीच्या थंडीत, अजून तू उठून बसत होतीस तेव्हा, दुपारी तू भाकरी थापत होतीस आणि मी तुझ्यासमोर होते. बोलून गेले, "मावशी, दवाखान्यात तुझे हात बांधलेले, आठवतं? ते मी बांधले होते."

तू थापायचं थांबलीस. माझ्याकडे नीट पाहिलंस. मला वाटलं, आता आठवलं. तू पिठाचा हात झटकलास आणि म्हणालीस, "तोंड किती सुकलंय तुझं. आदी जेवून घे, मंग सांग."

मी जेवले. तू शेवटच्या घासापर्यंत माझ्याकडे बघत बसलीस. हात धुऊन परत आले तर तू विचारलंस, "समदी गेली जेवून?" मी हो म्हणाले आणि पातेलं तुझ्यापुढे सरकवलं. पुढचं सांगायला माझी जीभ उचलली नाही. भित्री आहे मी.

नंतर तू अंथरूण धरलंस. भाकरी विसरलीस, मग भोंगा विसरलीस, मग बोलणं. दोन-दोन तासांनी तुला कूस बदलून द्यायची, पाठीला हवा लागू द्यायची, घास बोटाने गालात ठेवायचा आणि गिळेपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. सुशीलाताई मात्र शेवटपर्यंत तुझ्या उशाशी बसून आधी आपण चार घास खायच्या. तुला दिसत होतं की नाही कोण जाणे. पण त्या खाऊन उठल्याशिवाय तू तोंड उघडत नसायचीस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सोमवारीही तसंच झालं. सुशीलाताई जेवल्या, मग तू दूधभाकरीचे पाच घास घेतलेस. मी तोंड पुसून दिलं. तुझा हात माझ्या मांडीवर होता, तो मी तसाच राहू दिला. थोड्या वेळाने लक्षात आलं की श्वास थांबलाय. ओरडावंसंही वाटलं नाही, इतकं ते शांतपणे झालं.

सोमवारपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, आजारी पडलीस का. आज दुपारी पोराची वही घेऊन बसले आणि एवढं लिहून काढलं. चाकणच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तुझे हात मी बांधले होते, मावशी. नऊ दिवस, रोज. सोडते म्हणाले आणि सोडले नाहीत. तू म्हणाली होतीस, आधी जेव, मग सांग. मी उलटं केलं, आधी सांगितलं. आता जेवते.